उपमा कोणाच्या घरच्या?

(शहाड येथे मराठीचे शिक्षक, कामगार पालक आणि कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई, बेकारी, पाणीटंचाई असे विषय सोडून पाचवी ते आठवीच्या मुलांना अलंकार कसे शिकवावेत या विषयावर मी बोलणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काही जणांना आश्चर्य वाटले असेल. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक हे पोट भरलेल्यांचे विषय आहेत, कार्यकर्त्यांनी त्यात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न मला बैठकीपूर्वीच एका मित्राने विचारला. त्याचे उत्तर मी भाषणाच्या ओघात देईन. प्रारंभी मात्र माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे कबूल करतो.

मी सहावीला मराठी शिकवीत होतो. उपमा अलंकार शिकवून झाल्यावर मी फळ्यावर रिकाम्या जागांची वाक्ये लिहिली. त्यांपैकी एक होते : आईचे हात ------ सारखे आहेत. अपेक्षित उत्तर अर्थातच ‘कमळा’. वर्गातल्या एका मुलीने लिहिले, ‘आईचे हात किसणीसारखे आहेत.’ मी त्यावर तांबडी फुली मारली. मुलगी काही बोलली नाही. तिने खोडरबराने ‘किसणी’ पुसली आणि तिथे ‘कमळ’ लिहिले. पुढे पालकांच्या सभेत त्या मुलीची आई आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई होती. सही करण्यासाठी तिने हात पुढे केला, तेव्हा सोड्याने आणि राखेने चिरलेली ती बोटे मला दिसली. उपमेय, उपमान आणि साधर्म्यवाचक शब्द ही उपमेची अंगे त्या मुलीच्या वाक्यात अचूक होती, आणि साधारण धर्म अध्याहृत होता. चुकला होता तो तपासणारा. त्याहून मोठी चूक ही, की मी तिला आपल्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकविले. पाहिलेले पुसावे आणि न पाहिलेले लिहावे, हा धडा तिने माझ्याकडून घेतला.

ही एका शिक्षकाची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण आपल्या अध्यापनाची सारी रीतच या चुकीवर उभी आहे. व्याख्या पाठ करायची, ठरलेली उदाहरणे पाठ करायची आणि परीक्षेत ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाचे उत्तर लिहायचे. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, ‘सारखा’, ‘समान’, ‘परी’ दिसले की उपमा, अशी खूणगाठ मुले बांधतात. गुणही मिळतात. परंतु या दोन वस्तूंत साम्य कोणते, ते कोणाला दिसले आणि का दिसले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. चंद्र, कमळ, हरिणी आणि राजहंस यांच्यापलीकडे उपमाने असू शकतात, हेही मुलांच्या मनात येत नाही.

‘अलंकार’ हा शब्दच मुळी एक रूपक आहे. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अलंकारांना हारासारख्या दागिन्यांची उपमा दिली. दागिना अंगावर घातला तर शोभा वाढते, काढून ठेवला तर देह तसाच राहतो. या एका उपमेने आपल्या शाळांचा घात केला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. ज्यांच्या घरी दागिना आहे त्यांनी तो मिरवावा, ज्यांच्या घरी नाही त्यांनी दुसऱ्याचा पाहून पाठ करावा, असा अर्थ त्यातून निघाला. प्रत्यक्षात ज्यांच्या घरी गुंजभर सोने नाही त्यांच्याच बोलण्यात उपमा-रूपकांची रेलचेल असते. मालकाने कामावरून काढले तर कामगार म्हणतो, ‘पोटावर पाय दिला.’ पगार पुरला नाही तर त्याची बायको ‘पोटाला चिमटा’ घेते. महिनाअखेर ‘हातातोंडाची गाठ’ पडत नाही. ही भाषा कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकातून आली? आपण तर नदीला मुख देतो, डोंगराला कूस आणि पायथा देतो, घड्याळाला काटे देतो, रस्त्याला फाटा फोडतो. माणूस बोलू लागला की तुलना करू लागतो. तेव्हा मुलांना शाळेने अलंकार द्यायचे नसतात. ती ते घरूनच घेऊन येतात, आणि शाळेत ते काढून घेतले जातात.

आपल्या संतपरंपरेत हे सत्य लख्ख दिसते. सावता माळ्याला विठ्ठल दिसला तो आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात. गोरोबांच्या वाणीत माती आणि मडके आले. नरहरी सोनाराने आपल्या धंद्याच्या हत्यारांवरच रूपक बांधले, सेना न्हाव्याने आरसा आणि चिमटा यांतून विवेक-वैराग्य सांगितले, जनाबाईच्या अभंगांत दळण आणि कांडण आले. प्रत्येकाने आपल्या कष्टाची वस्तू उचलली आणि तिच्यातून न दिसणारे दाखविले. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. त्या कवितेतली उपमाने चुलीजवळची, शेतातली आणि गोठ्यातली आहेत. नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, तेव्हा गिरणगावाच्या रस्त्याला त्यांनी विद्यापीठाचा दर्जा दिला. त्या दोन शब्दांत एक रूपक आहे आणि त्या रूपकात एक आख्खा युक्तिवाद आहे.

आता शहाडकडे या. हे गाव कृत्रिम रेशमाचे. लाकडाचा लगदा दाहक सोड्यात आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवायचा, तो दाट रस बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडायचा आणि निघालेला तंतू गुंडाळायचा, असे हे काम. ‘रेयॉन’ हे नाव १९२४ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाले. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ किरण. म्हणजे ज्या वस्तूच्या कारखान्याच्या भोंग्यावर या वस्तीची घड्याळे लागली, त्या वस्तूचे नावच एक छुपी उपमा आहे. धाग्याची चकाकी त्या नावात आली, आम्लाचे कुंड आले नाही. सातवीच्या मुलाला हे सांगून पाहा आणि विचारा, ‘कुंडाजवळ उभा राहणारा माणूस या धाग्याला काय नाव देईल?’ उपमा म्हणजे निवड, आणि निवड करणारा कुठे उभा आहे त्यावर ती ठरते, ही गोष्ट त्याला कोणत्याही व्याख्येशिवाय कळेल.

शिकवायचे कसे, हे मी एका उदाहरणाने सांगतो. शहाड स्थानकावर सकाळी उभा असलेला कोणताही मुलगा कसाऱ्याहून येणारी लोकल ओळखतो. वर्गात विचारावे, डबा कसा दिसतो? एक तरी मूल म्हणेल, ‘खुराड्यासारखा.’ झाली उपमा. डबा हे उपमेय, खुराडे हे उपमान, कोंदटपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साधर्म्यवाचक शब्द. आता एकेक पायरी चढावी. ‘डबा म्हणजे जणू खुराडेच’ ही उत्प्रेक्षा. ‘लोकलच्या खुराड्यात आम्ही रोज कोंबले जातो’ हे रूपक. ‘हा डबा नव्हेच, हे खुराडे आहे’ ही अपन्हुती. ‘हा डबा खुराड्याहूनही कोंदट, कारण खुराड्यात कोंबडीला निदान दोन्ही पाय टेकता येतात’ हा व्यतिरेक. ‘लोकलसारखी लोकलच’ हा अनन्वय. आणि ‘स्थानक दिसताच गाडीने दमून सुस्कारा टाकला’ ही चेतनागुणोक्ती. एका तासात, एकाच अनुभवावर सात अलंकार होतात. मुले हसतात, भांडतात, दुरुस्त्या सुचवितात. व्याख्या शेवटी द्यावी, आणि शक्य तर मुलांकडूनच वदवून घ्यावी. या रीतीने शिकलेली मुले परीक्षेत मागे पडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. शहाड आणि शेजारचे उल्हासनगर येथे एका वर्गात आगरी बोलणारे मूल, खानदेशातून आलेल्या कुटुंबातले मूल, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराचे मूल आणि सिंधी घरातले मूल एका बाकावर बसू शकते. याला अडचण समजणारे शिक्षक आहेत. मी याला भांडवल समजतो. मराठी मुलगा ‘पोटावर पाय देणे’ म्हणाला की हिंदी घरातला मुलगा ‘पेट पर लात मारना’ म्हणतो, आणि दोघांनाही कळते की दोघांच्या बापांचे दुखणे एक आहे. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, त्यात नवरा-नवरीला काय काय म्हटले जाते ते आजीला विचारून आण, असा गृहपाठ द्यावा. ज्या बोलीला एरवी शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून गप्प बसविले जाते, ती त्या दिवशी वर्गाची गुरू होते.

येथवर मी उपमा करण्याविषयी बोललो. आता उपमा तपासण्याविषयी बोलतो, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्रा’त रूपक साधणे ही सर्वांत मोठी गोष्ट मानली. ती दुसऱ्याकडून शिकता येत नाही, असेही तो म्हणाला. याच ॲरिस्टॉटलने गुलामाला सजीव अवजार म्हटले. हेही रूपकच! माणसाला एकदा अवजार म्हटले की त्याला भूक, बायकापोरे, अपमान काही उरत नाही. तो झिजला की बदलायचा. ज्याला रूपकाची थोरवी कळली होती, त्यालाच आपल्या रूपकाने काय झाकले ते दिसले नाही. म्हणून मी म्हणतो की प्रत्येक रूपक दिव्यासारखे असते. त्याचा उजेड एका बाजूला पडतो आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. मुलांना उजेड दाखवावा, तसेच सावलीत काय आहे तेही विचारायला शिकवावे.

याची सुरुवात शाळेपासूनच करू. ‘शाळा हे विद्येचे मंदिर आहे’ हे वाक्य आपण शेकडो निबंधांत वाचले. मंदिरासारखी म्हणजे कशी? पवित्र, शांत, हे ठीक. पण नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मंदिराचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्या मुलांना शाळेचेही दार बंद होते. ही सावली मुलांना सांगितली पाहिजे. ‘शिक्षक कुंभार आणि मूल मातीचा गोळा’ ही दुसरी लाडकी उपमा. मातीला स्वतःचे मत नसते, मुलाला असते. ब्राझीलचे पाउलो फ्रेरी यांनी प्रचलित शिक्षणपद्धतीला बँकेच्या व्यवहाराची उपमा दिली. शिक्षक ठेव ठेवतो, विद्यार्थी ती मुकाट्याने साठवितो. एका उपमेसरशी सारी पद्धत उघडी पडली.

आता गावाबाहेर पडू. १९८५ साली केंद्र सरकारने ‘आजारी’ औद्योगिक कंपन्यांसाठी कायदा केला. तो १ डिसेंबर २०१६ रोजी रद्द झाला, पण तोवर ‘आजारी गिरणी’, ‘आजारी कारखाना’ हे शब्द आपल्या तोंडात पक्के बसले होते. आजार ही आपोआप येणारी गोष्ट. तिला कोणी दोषी नसतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर गिरण्या ‘आजारी’ पडल्या आणि ‘मेल्या’ असे आपण सहज बोलतो. शहाडच्या पुढचेच स्थानक आंबिवली, तिथे मोहोन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला आणि हजारो कुटुंबांच्या देण्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. आठवीच्या वर्गात हे रूपक पुढे ताणून पाहावे. कारखाना रोगी असेल तर रोग कोणता? वैद्य कोण? पथ्य कोणाला पाळायला लावले, आणि कडू औषध कोणाला पाजले? रोगी गेल्यावर त्याची जमीन कोणाकडे गेली? मुले आपणहून सांगतील की इथे उपमा मोडते. रोगी माणूस मेला तर त्याच्या शेजाऱ्याच्या घरची चूल विझत नाही. कारखाना बंद पडला की चाळीच्या चाळी विझतात.

असाच दुसरा शब्द ‘लोंढा’. निर्वासितांचे लोंढे आले, परप्रांतीयांचे लोंढे येत आहेत, हे आपण वाचतो आणि लिहितोही. लोंढा पाण्याचा असतो. त्याला चेहरा नसतो, तो दिसला की बांध घालायचा असतो. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांना लोंढा म्हटले तर बुडण्याची भीती वाटते, शेजारी म्हटले तर ओळख होते. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून मुंबईत आलेले आपले आजे-पणजेही कोणाच्या तरी लेखी लोंढाच असतील. ज्या वर्गात ‘लोंढ्या’तल्या माणसाचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसला आहे, त्या वर्गात हा शब्द तपासायला वेगळ्या नीतिपाठाची गरज नाही. उपमेचे उपमेय डोळ्यांसमोर बसलेले असते.

तपासलेली आणि पारखून घडविलेली उपमा केवढे काम करते, त्याचे उदाहरण म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायका’चा ३१ जानेवारी १९२० चा पहिला अंक. त्यात त्यांनी हिंदू समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली, की ज्याच्या मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने तिथेच मरावे. जात निसर्गाने दिली असे मानणाऱ्या माणसाला ही उपमा सांगते की ही इमारत आहे, आणि इमारत माणसे बांधतात. माणसांनी बांधलेले माणसांना पाडता येते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली आपल्या पुस्तकाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले, तेव्हा बैलाच्या पाठीवरचा असूड त्यांनी हातात घेतला आणि त्याची दिशा बदलली. ही वाक्ये आणि ही नावे शाळेत केवळ ‘ओळखा’ म्हणून देण्याची नव्हेत.

कोणी म्हणेल, हे तर वर्गात राजकारण आणणे झाले. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. शिक्षकाने आपले उत्तर मुलांवर लादले, तर तोही फ्रेरींच्या बँकेतला ठेवीदारच ठरेल. शिक्षकाने प्रश्न द्यावा, उत्तर मुलांनी शोधावे. आणि कसोटी सर्वांना सारखी लावावी. मित्रहो, आपल्यालाही! आपल्या सभांत आपण पन्नास वर्षे ‘क्रांतीची पहाट’ उगवीत आलो. एका मुलीने मला एकदा विचारले, ‘सर, पहाट तर कोणी काही केले नाही तरी होतेच ना?’ मी निरुत्तर झालो. आपल्या सर्वांत आवडत्या रूपकाने आपल्यालाच गाफील ठेवले. पहाटेची वाट पाहत बसता येते. पीक हवे असेल तर नांगरावे लागते, आणि रान राखायला रात्री जागावे लागते. ज्या मुलीने हा प्रश्न विचारला तिला उपमा कळली होती, आणि आम्हा कार्यकर्त्यांना ती कळायची राहिली होती.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शिक्षकांनी रिकाम्या जागेत ठरलेला शब्द मागू नये. साम्य पटविता आले तर प्रत्येक उपमेला पूर्ण गुण द्यावेत. पालकांनी रोज रात्री मुलाला एक प्रश्न विचारावा, ‘आज काय कशासारखे दिसले?’ त्याला शिकवणी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या अभ्यासिकांत आठवड्यातून एकदा वर्तमानपत्राचे एक पान मुलांपुढे ठेवावे, त्यातली रूपके शोधायला सांगावीत आणि प्रत्येकीची सावली कोणावर पडते ते विचारावे. महागाईचा ‘भडका’ उडतो, तेव्हा काडी कोणी लावली, हे बारा वर्षांचे मूल विचारू लागले की आपली निम्मी सभा झाली असे समजावे.

ती सहावीतली मुलगी आता कुठे आहे मला ठाऊक नाही. तिची वही माझ्यापाशी असती तर ती फुली मी आज पुसली असती. ते शक्य नाही. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर उद्या सकाळी तशा चाळीस वह्या येणार आहेत. त्यांत कुठे किसणी दिसली, तर लाल पेन खाली ठेवावे आणि त्या मुलाला उभे करून आपल्या आईच्या हातांविषयी आणखी बोलायला सांगावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.